दाण्याची शीळ

(कैरो. इंबाबातली एक गच्ची, तिच्यावर लाकडी कबुतरखाना. ऊन कललेलं.)

बयूमी : ...चहा राहू दे तिथेच. आधी सांग, शहातानं तुला काय दिलं?

इंजी : कोण शहाता, बयूमीकाका?

बयूमी : आता शहाता कोण! अगं, नदीकडच्या गल्लीतला. काल माझा निम्मा थवा त्याच्या गच्चीवर उतरला. ही वर उडतायत ना, तेवढीच राहिलीत.

इंजी : मग जाऊन मागून आणा.

बयूमी : मागून? ज्याच्या गच्चीवर उतरलं, त्याचं झालं. मीही त्याची पकडलीत, तो आला का कधी माझ्या दारात? मी गेलो तर इंबाबाभर छी-थू होईल.

इंजी : पण यात माझा काय संबंध?

बयूमी : हिवाळाभर काठीला तो केसाळ बोळा लावून इथे कोण बसत होतं?

इंजी : मायक्रोफोन तो!

बयूमी : बायको म्हणालीच होती, पोरगी पोलिसांची आहे. मी म्हटलं, पोलीस कबुतरांचं काय ऐकणार? तिचंच ऐकायला हवं होतं.

इंजी : काका, मी संगीत रचते हो.

बयूमी : पावाच्या भट्टीच्या धडधडीला संगीत म्हणतेस तू. ना सूर, ना ताल.

इंजी : बाबाही हेच म्हणतात. मी ऊदच्या तारा छेडायचं सोडलं, तेव्हापासून धड बोलत नाहीत माझ्याशी. उद्या पहिल्यांदा येतायत ऐकायला.

बयूमी : कुठे?

इंजी : नदीकडच्या कला केंद्रात. वर, गच्चीवर.

बयूमी : ती पिवळी इमारत? शहाताच्या भिंतीला लागून आहे ती!

इंजी : मला काय माहीत, तिथे कोण राहतं!

बयूमी : आणि काल कुठे होतीस?

इंजी : तिथेच. तालीम होती.

बयूमी : स्पीकर लावून?

इंजी : ...चारी कोपऱ्यांत.

बयूमी : ऐकव मला.

इंजी : थांबा, मोठ्यानं नको. हा हेडफोन घ्या.

बयूमी : ही भट्टी... हा रद्दीवाला... अरेच्चा! हा तर मी!

इंजी : तुम्हीच. कबुतरांना घालता, त्या शिळेवरच तर सगळं उभं आहे.

बयूमी : परत वाजतेय. परत. अगं, ही थांबतच नाही!

इंजी : शेवटपर्यंत वाढत जाते.

बयूमी : तरीच! आली असतील बिचारी धावत, मी कुठे दिसेना. शहातानं त्यांना भुलवून उतरवायला मादी सोडली असेल हातातून. झालं काम.

इंजी : देवाशपथ काका, मी तुमची शीळ विकली नाही कुणाला. असं होईल हे मला सुचलंच नाही.

बयूमी : ही कसली शीळ आहे, ठाऊक आहे तुला?

इंजी : परत बोलवायची.

बयूमी : दाण्याची! ही घातली की मूठ उघडायचीच. माझ्या पोराची मय्यत निघाली, त्या दिवशीही आधी दाणे टाकले आणि मग जिना उतरलो. आणि तू एवढा वेळ बोलावत राहिलीस, एक दाणा टाकला नाहीस!

इंजी : चुकलं माझं.

बयूमी : पुसून टाक.

इंजी : काका, उद्या बाबा—

बयूमी : उद्या वाजली की उरलेलीही जातील.

इंजी : शीळ काढली तर उरतं काय त्यात? बाबा उठून जातील. परत नाही यायचे.

बयूमी : माझी तर गेलीच ना.

इंजी : ...बघा. पुसली.

बयूमी : दुसरीकडे ठेवली असशील. हल्ली सगळं दोन-दोन ठिकाणी असतं.

इंजी : होती. हे बघा, फोनमधलीही गेली. आता कुठेच नाही हो, कुठेच नाही.

बयूमी : रडून मला फसवू नकोस.

इंजी : फसवत नाहीये. तुम्ही बोलवा ना, वर उडतायत त्यांना.

बयूमी : सरक बाजूला, मूठभर दाणे घेऊ दे. ...सूंऽऽई! सूंऽऽई!

इंजी : वळली! आली बघा!

बयूमी : चूप.

इंजी : नुसती डोक्यावरून फिरतायत. उतरत का नाहीत?

बयूमी : बघतायत, शीळ खरी का खोटी.

इंजी : दाणे दिसत नसतील. मूठ नीट उघडा ना, काका.

बयूमी : उघडीच आहे, पोरी.