आमच्या लोकांत हे नसतं

आजच्या अध्यक्षस्थानी असलेले आमच्या विभागाचे नवे प्रमुख, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मोठे सर, व्यासपीठावरचे पाहुणे, सरांच्या घरची मंडळी आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे मागे उभे असलेले माझे सहकारी, सर्वांना नमस्कार.

मी एक्स-रेच्या खोलीतली. लहान मुलांच्या मूत्राशयात नळीने औषध सोडायचं आणि मूल लघवी करताना फोटो काढायचे, हे माझं काम. काही मुलांची लघवी जन्मापासूनच उलटी मूत्रपिंडाकडे चढते, ते त्या फोटोत दिसतं. मूल रडतं, आई रडते आणि मी "झालं हं, झालं" म्हणत राहते. मला बोलायची सवय आहे ती एवढीच, तेव्हा सांभाळून घ्या.

सरांचं नाव झालं ते एका अभ्यासामुळे. हा दोष कुठल्या समाजात किती आढळतो, ते त्यांनी मांडलं. आम्ही डोंगराकडून आलेली माणसं त्यात सगळ्यांत खाली होतो. मागे राहण्याचा फायदा झाल्याचं आमचं ते पहिलंच उदाहरण, म्हणून आम्ही खूश होतो.

सर दारातच विचारायचे, "घर कुठलं?" डोंगराकडचं म्हटलं की मुलाची नळीतून सुटका. शितावरून भाताची परीक्षा, असं म्हणायचे. त्यात दुष्टावा नव्हता हो, दयाच होती. माझ्या मुलीला सारखा ताप यायला लागला, तेव्हा मलाही ते तसंच म्हणाले, "बाई, तुमच्या लोकांत हे फारसं नसतं. पोरीला कशाला उगाच त्रास?" मी त्यांचे आभार मानले. आपल्याच लेकराला त्या टेबलावर धरायची हौस कुणाला असते?

पुढे तिच्या अंगावर सूज आली, तेव्हा तपासणी झाली. तिला मीच धरलं. "झालं हं" मीच म्हणाले. औषध दोन्हीकडे वर चढलेलं दिसलं. तोवर मूत्रपिंडं कामातून गेली होती.

सर माझ्या स्टुलावर बसले. फोटो हातात घेऊन म्हणाले, "ज्यांना मी आत घेतलंच नाही, ती मुलं मी निरोगी म्हणून मोजली."

दुसऱ्या दिवसापासून घर विचारणं बंद झालं. ताप बघून मुलं आत यायला लागली, आमचीही. आणि त्यांच्यातही दोष सापडायला लागला. फरक अजून आहे म्हणतात, पण छापला होता तेवढा नाही. सरांनी तेही स्वतःच्या नावाने छापलं. एवढ्या उंचीवर गेलेली किती माणसं असं करतात? आजचा हा हार मी त्यासाठी घातला, आधीच्या अभ्यासासाठी नाही. आणि हे सगळं बोला, असं मला सरांनीच सांगितलंय.

लोक विचारतात, राग येत नाही का? नाही येत. रडूही येत नाही. दात काढताना सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळंच झालंय. कामावर येते, मुलांना धरते, घरी जाते.

अध्यक्षसाहेब, परवा आपण मला विचारलंत की खोलीत गर्दी फार होते, डोंगराकडची मुलं पुन्हा वगळली तर कसं? तेव्हा मी गप्प राहिले, कारण बोलायचं मनातच येत नव्हतं. आज सर्वांसमोर सांगते, नको. उद्या सकाळची पहिली मुलगी डोंगराकडचीच आहे. तिच्या तपासणीला आपली सही हवी आहे.

सर, पुढचे दिवस आपल्याला सुखाचे जावोत. संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या. चहाला मात्र मी थांबत नाही. मुलीला डायलिसिसला न्यायची वेळ झाली आहे.