डोकं वर, बूड खाली

"हॅलो?… हॅलो, कोण?… हां, विहीणबाई, बोला बोला. आवाज तुटतोय तुमचा. बाजारात आहात का?… मग जरा कडेला या, त्या लाउडस्पीकरपासून लांब… हां, आता येतंय ऐकू."

सुमनबाई मेथी निवडत बसल्या होत्या. जुडी तशीच ताटात टाकून त्यांनी हात पदराला पुसला आणि फोन नीट कानाला लावला. पंचवटीतल्या त्या घरात आतल्या खोलीत त्यांची सून सुवर्णा झोपली होती. नववा महिना लागला होता तिला. फोन हरसूलहून होता, सुवर्णाच्या आईचा, चिमणाबाईंचा. आज तो येणार हे सुमनबाईंना ठाऊकच होतं. फक्त संध्याकाळपर्यंत सवड मिळेल असं वाटलं होतं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?… मनोजने? या मुलाच्या पोटात काही राहत नाही. एकलहऱ्याला ड्यूटीवर गेलाय आणि तिथून सासूला फोन लावतोय. मी म्हटलं होतं त्याला, मी सांगते नीट… हो, हो… अहो ऐका ना… लपवायचं नव्हतं ताई. आधी एवढं ऐका. सुवर्णा चांगली आहे. बाळ चांगलं आहे. दोघंही झोपलीत… हो, आत्ता, या घडीला. जेवली आणि झोपली… भाकरी. नागलीचीच, तुम्ही पाठवलेल्या पिठाची."

सुमनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलायचं नाही… बोलताय… अहो, बोलताय तुम्ही… हां. तर मागल्या आठवड्यात सोनोग्राफी झाली. बाळ मांडी घालून बसलंय. डोकं वर, पार छातीखाली, आणि बूड खाली… हो, पायाळूच. आपण पायाळू म्हणतो, ते ब्रीच म्हणतात… नाही हो, नजर कसली… ग्रहणात काही चिरलं नाही तिने… झोपण्याचाही संबंध नाही. मीच विचारलं डॉक्टर मॅडमना. म्हणाल्या, काही बाळं वळतच नाहीत, यात आईचं काही चुकत नाही. हे मुद्दाम तुमच्या कानावर घालते, कारण पोरीने ते मनाला लावून घेतलं होतं. शेजारीण येऊन बोलून गेली ना, तू जिने फार चढलीस म्हणून. झालं. ही गप्प. जेवण नाही, बोलणं नाही. मग आमच्या ह्यांनी हसवली तिला."

'ह्यांनी' म्हणजे धोंडीराम. ते पुढच्या खोलीत खाटेवर आडवे होते. आपला विषय निघालेला ऐकून उठून बसले.

"अहो, हे स्वतः पायाळू… तुम्हाला ठाऊक नव्हतं? लग्न जमवताना कोण सांगतं असलं? कमरेत उसण भरली की अख्खी गल्ली येते ह्यांच्याकडे, पायाळूच्या लाथेने ती जाते म्हणतात ना. परवाच एक रिक्षावाला आला, पार वाकडा होऊन. ओट्यावर पालथा पडला. ह्यांनी त्याच्या कमरेला पाय लावला. खरंच बरं वाटलं त्याला की लाजेनेच उठला, देव जाणे. सुवर्णा दारातून बघत होती. तर हे तिला म्हणतात, 'आजवर मी एकटाच लाथा घालत आलो गं. आता मदतनीस येतोय.' हसली पोर. पोट धरून हसली… हो का? तुमच्याकडे पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं?… मग येऊ द्या की त्याला, तुमच्या पाड्यावर विहीर कुठं खोदायची ते सांगेल. हसलात. ऐकलं मी."

पण हसू फार टिकलं नाही. आज सकाळी दवाखान्यात काय झालं ते चिमणाबाईंनी विचारलं असणार, कारण सुमनबाईंचा आवाज सावध झाला.

"सांगते ना. मॅडम म्हणाल्या, वरून हातानेच फिरवून बघू. दवाखान्यातच, बाळाच्या ठोक्यांचं मशीन लावून… तुमच्या सुईण कुसाबाई करतात तसंच? असेल. त्यांचा हात चांगलाच आहे, सुवर्णा त्यांच्याच हातची. मी नावं नाही ठेवत. पण काही कमीजास्त झालं तर शेजारी ऑपरेशनची खोली लागते ना ताई, ती कुसाबाई कुठून आणणार… हां.

"तर दोघी डॉक्टर. एकीने बाळाचं बूड वर उचलून धरलं, दुसरीने डोकं खाली ढकललं. मी उशाशी. मनोज असता तर त्यालाच खुर्ची द्यावी लागली असती. पोट असं हलत होतं, पोत्यात मांजर असावं तसं. बाळ आडवं झालं. मॅडम म्हणाल्या, आलं, आलं. आणि सर्रकन परत जागेवर… हो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ठोके थोडे मंदावले, तशा त्या थांबल्या… नाही, नाही, लगेच आले ठिकाणावर. मी स्वतः ऐकले. घोडा दौडतोय जसा. बराच वेळ झोपवून ठेवलं, मशीन लावूनच, आणि मग घरी सोडलं. आता ऑपरेशन ठरलंय, येत्या सोमवारी."

पलीकडून चिमणाबाईंचा आवाज एकसारखा येत राहिला. मेथीची एक काडी त्यांच्या बोटांत फिरत होती.

"तुमच्या गावच्या सहादूची जीप?… आज?… तिला न्यायला?… ताई, पहिलं बाळंतपण माहेरी, कबूल. मीही तेच धरून बसले होते. पण तो घाटाचा रस्ता. वाटेत पाणी गेलं आणि बाळाआधी नाळ खाली आली, तर हाताशी वेळच राहत नाही, म्हणाल्या मॅडम… मी भीती घालत नाही हो. मला त्यांनी घातली, ती मी तुमच्यापर्यंत पोचवते… कापाकापी मलाही नको होती. पण टाके भरतात… उचलेल, ओझंही उचलेल. थोडे महिने जपायचं. मी आहे ना जपायला… असं का म्हणता? मी कशाला तोडेन तिला तुमच्यापासून?… बरं. एक गोष्ट सांगणार नव्हते, ती सांगते. थांबा जरा."

त्या उठल्या. आतल्या खोलीत डोकावल्या. सुवर्णा कुशीवर झोपली होती, पोटाखाली उशी घेऊन. दार हलकेच ओढून त्या ओट्यावर आल्या आणि आवाज खाली आणला.

"दुसऱ्यांदा फिरवत होत्या तेव्हा लय दुखलं तिला. ओरडली नाही. डोळे मिटून 'आई' म्हणाली. मी हात धरूनच होते. म्हटलं, 'इथंच आहे गं मी.' तर डोळे न उघडता म्हणते, 'तुम्ही नाही. माझी आई.'… हॅलो?… आहात ना?… राग कसला त्यात. त्या वेळी कोणाला सासू आठवते? मला नव्हती आठवली. पण पोर नंतर इतकी ओशाळली, रिक्षात माझा हात सोडेना. म्हटलं, फोन कर आईला. तर म्हणाली, आईची मळणी चाललीय, उगाच घोर लागेल तिला… रडू नका ताई, भर बाजार आहे… बरं, रडा.

"म्हणून म्हणते, तिला तिकडं नेऊ नका. तुम्ही इकडं या… मळणी आमचे व्याही बघतील, भिकादादा… शेळ्याही तेच बघतील, एरवी काय करतात ते?… हां, ते ठाऊक आहे मला. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणी नाही प्यायचं. मागे आलात तेव्हा ओट्यावर बसून घरची बाटली प्यायलात, आणि भर उन्हात तशाच परत गेलात. मला काय वाटलं असेल तेव्हा?"

बोलता बोलता सुमनबाईंच्या चेहऱ्यावर मिस्कील हसू उमटलं. धोंडीराम ते बघून ओट्यापर्यंत आले.

"मला एक सांगा ताई. लेकीचं घर कुठलं?… हे? हे घर तर माझ्या नावावर आहे. घरपट्टी माझ्या नावाने येते. मनोजचं नाही, सुवर्णाचं तर नाहीच. ती माझ्याकडे राहते. तुम्हीही माझ्याकडे या. मी काय तुमची लेक आहे का?… मग? विहिणीकडे जेवायला कोणी बंदी केलीय?… हे इथं उभे आहेत, म्हणताहेत, मीसुद्धा हिच्याच घरात राहतो… नाही, थट्टा नाही, खरंच बोलते… कोणाला विचारता? कुसाबाई आहेत तिथं? विचारा, विचारा, मी थांबते."

बाजाराचा कालवा फोनमधून नुसता येत राहिला. सुमनबाईंनी धोंडीरामांना हातानेच गप्प राहायला सांगितलं.

"हां, बोला… काय म्हणाल्या?… विहिणीचं चालतं? म्हणाल्या तसं?… झालं तर मग. जीप उभीच आहे ना? ती रिकामी कशाला धाडता, तुम्हीच बसा तीत… आत्ताच… लुगड्याचं काय एवढं, माझी आहेत की… घेतलेला बाजार? तो घेऊनच या… सुकट? आणा, ती कधीची मागतेय. मॅडमना विचारून देऊ… सहादूला घर सापडायचं नाही. सीबीएस स्टँडपाशी थांबायला सांगा, मनोज ड्यूटीवरून तसाच येईल घ्यायला… हो. हो… काय?… तिला उठवू सांगायला?… नको ताई. झोपू दे तिला. उठेल तेव्हा उशाशी तुम्हीच बसलेल्या असा."

पलीकडे जीपचं इंजिन सुरू झालं, कोणीतरी "सरका, सरका" म्हणालं, आणि फोन कटला.