सोळावा फ्लॅट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संस्थापक आदरणीय मोठे साहेब, व्यासपीठावर बसलेले बँकेचे निवृत्त कर्ज अधिकारी, माझे सर्व सहकारी, आणि पहिल्या रांगेत बसून मला 'आवरतं घ्या' अशी खूण आत्तापासूनच करणारी माझी पत्नी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं, की दोनदा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय की काय! सगळ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. एकतीस वर्षांत मी शेकडो इमारतींच्या किमती ठरवल्या, आणि प्रत्येक इमारतीतलं प्रत्येक दार उघडून आत गेल्याशिवाय अहवालावर सही केली नाही. पोरं मला मागून 'दारवाले काका' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. शिस्त, काटेकोरपणा, निष्ठा असे मोठमोठे शब्द आज वापरले गेले. कानाला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते खरं नाही. पहिली नऊ वर्षं मी प्रत्येक दार उघडत नव्हतो. मग का उघडायला लागलो, हे आज सांगितलं नाही तर पुन्हा कधी सांगणार?

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. चार मजले, सोळा फ्लॅट, लिफ्ट नाही. संस्थेला ती इमारत घ्यायची होती. इथल्या नव्या मंडळींसाठी सांगतो, आपल्याकडे इमारत आवडली म्हणून घेत नाहीत. भाडं किती येईल, दुरुस्तीला किती जाईल आणि उरलेल्यात बँकेचा हप्ता बसेल का, हे बघून घेतात. हप्ता भागून वर हप्त्याच्या चौथाईइतकी रक्कम उरली पाहिजे, असा त्या बँकेचा नियम होता. मी तीनदा आकडेमोड केली. अगदी थोडक्यात, एका फ्लॅटच्या भाड्यापुरतं अडत होतं. एक फ्लॅट रिकामा निघाला, तर तो नव्या, वाढीव भाड्याने देता येईल आणि गणित बसेल. शुक्रवारी पाचच्या आत अहवाल हवा होता.

गुरुवारी दुपारी मी पंधरा फ्लॅट पाहिले. सोळाव्याला बाहेरून कुलूप होतं. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "तो कधीचा रिकामा आहे साहेब. चावी मालकाकडे."

मी सवयीने दारावर टकटक केली, आणि आतून आवाज आला, "कोण आहे?"

हळू आवाज. बाईचा, म्हाताऱ्या बाईचा. मी रखवालदाराकडे पाहिलं. तो म्हणाला, "शेजारचा असेल. भिंती पातळ आहेत." शेजारचा फ्लॅट मी पाच मिनिटांपूर्वीच पाहिला होता. तिथे एक माणूस दाढी करत होता, दुसरं कोणीच नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी जिना उतरलो आणि अहवालात लिहिलं, 'सोळावा फ्लॅट, रिकामा.'

कर्ज मंजूर झालं. मोठ्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. रिकाम्या फ्लॅटचं पाणी आणि वीज तोडायची पद्धत होती, त्याप्रमाणे तोडली.

दोन महिन्यांनी दुरुस्तीसाठी आम्ही ते कुलूप कापलं. दार उघडलं, तर खिडकीपाशी खुर्चीत एक आजी बसलेल्या. केस नीट विंचरलेले. बाजूला झाकण ठेवलेल्या दोन बादल्या. त्यांनी विचारलं, "कोण आहे?" तोच आवाज. माझ्याबरोबरचा कुलूपवाला मागे सरकला. दाराखाली बोटभर फट होती. त्या माझ्या बुटांकडे बघत म्हणाल्या, "या ना. त्या दिवशी आलात आणि तसेच गेलात."

हकीकत साधी होती. त्यांचा मुलगा छापखान्यात कामाला. आईला विसर पडायचा, ती एकटी बाहेर निघून जायची, म्हणून तो कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. भाडं रखवालदार हातोहात घ्यायचा, पावती नाही. "तोंड उघडलंत तर बाहेर काढतील," असं त्यानेच दोघांना सांगून ठेवलेलं. त्यामुळे पाणी तुटल्यावर मुलगा मुकाट्याने चार मजले बादल्या चढवत राहिला.

मी मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "अहवाल बदलला तर कर्ज अडकेल. त्यांची दुसरीकडे सोय करा." मोठे साहेब, तुम्ही खाली बघू नका. आतून आवाज आला होता, हे मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. 'रिकामा' हा शब्द माझ्याच हाताने लिहिलेला आहे.

त्यांची सोय झाली. गावाबाहेर एक खोली. आणि महिन्याभरात सोळाव्या फ्लॅटच्या नव्या भाडेकरूची तक्रार माझ्या टेबलावर आली. "एक म्हातारी बाई येऊन दार वाजवते. कोण आहे विचारलं, की काहीच बोलत नाही."

तिसऱ्या तक्रारीला मी स्वतः गेलो. त्या दाराशी उभ्या होत्या, तळहात दारावर टेकवून. मी त्यांचा हात धरून चारही मजले खाली आणलं. प्रत्येक वळणावर त्या विचारायच्या, "आपलं घर वर राहिलं ना?" मी 'हो' म्हणायचो. दुसरं काय म्हणणार होतो? त्याच हिवाळ्यात त्या गेल्या.

तेव्हापासून मी प्रत्येक दार उघडतो. उघडल्यावर आत कोणी नसतं, धुळीने भरलेली खोली असते, तरी आवाज येतो. आमच्या घरी वाऱ्याने दार वाजलं तरी मी उठतो. हिने बावीस वर्षं कारण विचारलं, मी 'सवय आहे' म्हणत आलो. ते कारण ही आज, तुम्हा सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकते आहे.

गेल्या महिन्यात त्या मुलाला शोधून काढलं. आता साठीचा आहे. अंगणात जुन्या सायकलची साखळी बसवत होता. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "त्या दिवशी तुमच्या आईचा आवाज मी ऐकला होता."

त्याने मान वर केली नाही. "माहीत आहे मला," म्हणाला. "आईला माझं नावही आठवायचं नाही, पण ते आठवायचं. संध्याकाळी कुलूप काढलं, की रोज विचारायची, तो माणूस खाली थांबलाय का? मी म्हणायचो, थांबलाय. मग जेवायची."

मी थांबलो नव्हतो, मंडळी. मी बँकेच्या पायऱ्या चढत होतो.

आपण सर्वांनी एकतीस वर्षं मला सांभाळून घेतलंत, आज इतक्या मायेने निरोप देताय, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर तेवढ्यापुरती मला क्षमा करा. बाकीची क्षमा मी या सभागृहाकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही.

नमस्कार.