डोरीनची मोठी, व्हर्नची छोटी

बसा हो बसा, त्याचं काही नाही — खिडकीशी कानटोपी घालून उभा आहे ना, तो व्हर्न, माझा नवरा, त्याची खुर्ची ही, पण तो इतक्यात येत नाही. म्हातारपणाची सरकारी पेन्शन सुरू करायला आणलाय त्याला — ओढून आणलाय म्हणा. त्याची छोटी. जन्मभर आमच्या डुलुथ गावात लोकांचे पियानो सुरात लावत हिंडला, निम्म्या ठिकाणी पैशांऐवजी ॲपल पायवर भागवलं. माझी मोठी — मी धक्क्यावर मालगाडीचं इंजिन चालवलंय. म्हणून मी ठरवलं, त्याची आत्ता घ्यायची, माझी सत्तरीपर्यंत थांबवायची. थांबलं की फुगते ना ती. आणि व्हर्नला काय सांगितलंय? मला बोट घ्यायचीय, तळ्यात एकटीनं फिरायला. तेव्हापासून चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलाय, डोरीनला म्हातारपणी हाव सुटली. सुटू दे. रुसला की बरा दिसतो तो.

खरं? तुम्हाला म्हणून सांगते, आपण कुठं परत भेटणार आहोत — दोघांतलं एक गेलं की मागे एकच पेन्शन उरते, मोठी असेल ती. आणि आधी मी जाणार. असं काय बघताय? हृदय कुरकुरतंय माझं, डॉक्टर बोललेत. व्हर्नला नाही सांगितलं. सांगितलं तर माझ्या छातीला कान लावून बसेल — त्याचे कान तसलेच, हो. सत्तरीच्या आत गेले तरी तोवर वाढलेली त्याला मिळते, मी विचारून घेतलंय. साधं अंडं उकडता येत नाही हो त्याला.

आला वाटतं. काय रे, झालं? — नाही केलंस? इतका वेळ तिथं उभा राहून नाही केलंस? का? — तुझीही वाढू दे? कुणासाठी? तू गेल्यावर मला — अरे देवा. व्हर्न, ठोंब्या, तुझी मला मिळतच नाही. छोटी बुडते. मागे राहील त्याला मोठी, म्हणून तर मी माझी —

म्हणजे, बोट. बोटीसाठीच.

डॉक्टरांचं काय? डॉक्टरांचं नाव कुणी काढलं इथं? — कधीपासून ठाऊक आहे तुला? — आणि तरी चर्चमध्ये माझी हाव सांगत हिंडत होतास?

असा बघू नकोस. लोक आहेत इथं.

बाई, तुमचा नंबर पुकारतायत. नसेल तरी उठा.