बटण तेवढं राहू दे

विजेच्या सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक काकू दुकानदाराशी बोलत होत्या.

“चिकटपट्टी द्या हो. भिंतीतला विजेचा हीटर लेक काढून घेऊन गेला, वायरी तशाच लोंबतायत.”

“नुसत्या पट्टीवर भागायचं नाही, काकू. वायरींत वीज येते का?”

“बटण बंद असलं की नाही येत.”

“आणि चुकून कुणी दाबलं तर?”

“कोण दाबणार? घरात मी एकटी.”

“तरीपण.”

“संध्याकाळी मीच दाबते.”

“अहो काकू! कशाला?”

“ह्यांची यायची वेळ झाली की हात जातो. गारठून यायचे, खोली आधीच गरम लागायची.”

“काका आता...”

“मागच्या हिवाळ्यात गेले.”

“माझं ऐका. वायरमन मेन स्विच बंद करून ही वायर बोर्डातूनच सोडवेल. भिंतीतली टोकं वेगवेगळी बंद करून डबीत घालेल, वर झाकण लावेल. तोवर बटणाला हात लावायचा नाही.”

“बटण काढेल का तो?”

“काढायचं नसेल तर राहील. मग दाबलं तरी काही होणार नाही.”

“दाबता येईल ना पण?”

“खुशाल दाबा.”

“मग त्याला आजच पाठवा. संध्याकाळच्या आत.”