चारही चाकांना जोर

गॅरेजच्या बाकावर आपल्या स्कूटरची वाट बघत बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं.

“मिस्त्री, माझ्या गाडीच्या मागच्या चाकांनाही जोर द्या. घाटाच्या चढावर पुढची दोन नुसती गरगरतात.”

“काका, त्यासाठी अख्खी गाडी खालून बदलावी लागेल. त्यापेक्षा चारही चाकं ओढणारी दुसरी घ्या ना.”

“दुसरीत बायको बसत नाही. माणसं विसरली ती, पण ही गाडी ओळखते.”

“वर काय आहे एवढं?”

“तिचं माहेर.”

“कोण असतं तिथं?”

“आता कुणीच नाही. पण ती रोज नटूनथटून विचारते, निघायचं ना?”

मिस्त्रीने हात पुसून वही उघडली.

“बरं, बघतो जमवून. गाडी ठेवून जा.”

“आज कशी ठेवू? ती आत बसलीये.”