दुहेरी शिलाई

बाळाच्या कपाळावर पुन्हा पुन्हा हात ठेवून पाहत मी दवाखान्यात नंबरची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर एक टेलरकाका, त्यांची बायको आणि मुलगी बसली होती. काकांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आता जाळी बसवायची होती.

"अहो, घरी चला. डॉक्टर बायफर्केशन म्हणाले. आत काहीतरी फाटलंय तुमच्या."

"आई, फाटलं नाही गं. बायफर्केशन म्हणजे एकाचे दोन होणं."

"एका काळजाचे दोन?"

"रक्तवाहिनीचे! लॅटिन शब्द आहे. 'बाय' म्हणजे दोन, 'फुर्का' म्हणजे गवत उचलायचा काटा. दांडा एक, पुढे दाते दोन. तशा फांद्या सगळ्यांनाच असतात. बाबांचं रक्त नेमकं तिथे अडतंय."

"म्हणजे पँट."

"बाबा!"

"अगं, कंबर एक, पाय दोन. सगळा ताण येतो तो जिथे पाय वेगळे होतात तिथे. जन्मभर तेच तर दुरुस्त करतोय मी. तेवढ्यासाठी पँट कुणी टाकून देतं का?"

"पँट आणि तुम्ही एकच का?"

"दोन्ही जुनी. पण कापड अजून दमदार आहे, डॉक्टरच म्हणाले."

"आणि त्यांचा हात?"

"बघून घेतलाय. जरासुद्धा हलत नाही."

नर्सने हाक मारली. काकांनी चपला काढून बायकोच्या पायांशी नीट ठेवल्या.

"सांभाळ. येताना घालायच्यात."

दार लागता लागता बायको ताडकन उठली.

"अहो! त्यांना म्हणावं, दुहेरी शिलाई मारा!"